आपल्या घराण्यातच आहे!

गेले दोन वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. आळस हे नेहमीचं कारण आहेच, पण या वेळी आणखी एक होतं. तर झालं असं की कंपनीच्या वार्षिक चेकअपचा रिपोर्ट आला आणि त्यात एका ओळीपुढे छोटासा तारा होता. एचबीएवनसी ६.१. ज्यांच्या घरात हा शब्द रोज ऐकू येत नाही त्या भाग्यवंतांसाठी: गेल्या दोन-तीन महिन्यांत रक्तात साखर साधारण किती होती ते सांगणारा हा आकडा. ५.७ च्या खाली असलात तर ठीक, ६.५ ला डायबेटिस, आणि मधला पट्टा म्हणजे प्रीडायबेटिस. माझं वय ३४, उंची पाच फूट सात, वजन ६९. शर्ट बाहेर काढला की ढेरी दिसतही नाही. म्हणजे 'जाडा' या शब्दाशी आपला काही संबंध नाही असंच मी आजवर समजत होतो.

रात्री जेवताना बाबांना सांगितलं. वाटलं होतं काळजी करतील. बाबा अगदी शांतपणे म्हणाले, "अरे, आपल्या घराण्यातच आहे ते. तुझ्या आजोबांना होता, आत्याला आहे, मला आहे. तुला आज नाही तर उद्या यायचाच." आणि भाताचा दुसरा वाढा घेतला.

आजोबांचा डायबेटिस कधी सुरू झाला ते कुणालाच माहीत नाही, कारण तो सापडला तेव्हा पायाची जखम दोन महिने भरत नव्हती म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं होतं. अंगठा काढावा लागला. मी तेव्हा सहावीत होतो. त्यांची ती पुढून कापलेली कोल्हापुरी चप्पल अजून डोळ्यासमोर आहे. त्यामुळे 'घराण्यात आहे' हे वाक्य मला बाबांइतकं शांतपणे घेता येत नाही.

आता सॉफ्टवेअरवाला माणूस घाबरला की काय करतो? पैसे टाकून डेटा विकत घेतो. ऑफिसातल्या दोघांनी जीन्सची (पँट नव्हे, गुणसूत्रांवरच्या!) तपासणी करून घेतली होती. नळीत थुंकायचं, कुरिअर करायचं, तीन आठवड्यांनी पीडीएफ येते. मीही साडेसात हजार मोजले. चाळीस पानांचा चकचकीत रिपोर्ट आला. त्यात लाल, पिवळे, हिरवे दिवे. एफटीओ नावाच्या जनुकाची जाड करणारी एक प्रत माझ्याकडे आहे. टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती धोक्याच्या, म्हणजे एक बाबांकडून आणि एक, सॉरी आई, तुझ्याकडून. आणि शेवटी सल्ला: 'तुमच्या जनुकांनुसार तुम्हाला कमी कर्बोदकांचा आहार मानवेल.'

हे शेवटचं वाक्य मला खटकलं. कारण हे वाक्य म्हणजे सरळ इफ-एल्स आहे. हे जनुक असेल तर हे खा, नसेल तर ते खा. शरीर खरंच इतकं स्वच्छ लिहिलेलं असतं का? आमच्या कंपनीचं बिलिंग मॉड्यूलसुद्धा इतकं स्वच्छ नाही. मग दोन वीकेंड बसून मूळ पेपर वाचले. डॉक्टर नाही मी, पण आकड्यांचं टेबल वाचता येतं.

पहिलं एफटीओ. २००७ मध्ये हे जनुक लठ्ठपणाशी जोडलं गेलं तेव्हा खूप गाजावाजा झाला. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण सहापैकी एकाकडे याच्या दोन्ही प्रती 'जाड' असतात, आणि एकही नसलेल्यांपेक्षा त्यांचं वजन सरासरी तीन किलो जास्त असतं. तीन किलो! मी दिवाळीत कमावतो तेवढं. हे जनुक मुख्यतः भूक आणि पोट भरल्याची जाणीव यांच्याशी खेळतं असं दिसतं. ठीक आहे, पण मग अशा माणसाला डाएट लागू पडतं की नाही? याचं उत्तर २०१६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलं. आठ चाचण्यांतल्या ९५६३ माणसांची माहिती एकत्र केली तेव्हा दिसलं की डाएट असो, व्यायाम असो की औषध, एफटीओ असलेल्यांचं आणि नसलेल्यांचं वजन सारखंच उतरतं. म्हणजे चढायला मदत करणारं जनुक उतरताना आडवं येत नाही.

दुसरं ते 'तुमच्या जनुकांनुसार कमी कर्बोदकं'. यावर २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तोफर गार्डनर यांनी ६०९ माणसं घेऊन वर्षभराची चाचणी छापली. निम्म्यांना कमी चरबीचा आहार, निम्म्यांना कमी कर्बोदकांचा. आणि प्रत्येकाची जनुकं आधीच तपासलेली, की बघू 'जुळणाऱ्या' आहारावर जास्त फायदा होतो का. वर्षाअखेरीस एका गटाचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्याचं ६. जनुक जुळलं काय आणि न जुळलं काय, काही फरक नाही. गंमत म्हणजे दोन्ही गटांत काहींचं वजन वीस-पंचवीस किलो उतरलं होतं आणि काहींचं वाढलंही होतं. म्हणजे माणसामाणसांत फरक प्रचंड आहे, पण ज्या खुणांवर आहार ठरवायचा होता त्यांना तो ओळखता आला नाही. २०१८ च्याच सुमारास आमच्या कँटीनमध्ये दीक्षित की दिवेकर यावरून दोन तट पडले होते ते आठवलं. एका बाजूला 'दोनदाच जेवा', दुसऱ्या बाजूला 'थोडं थोडं खा', आणि दोन्ही बाजूंची वजनं उतरलेली. असो.

एवढं वाचून माझे साडेसात हजार पाण्यात गेले अशी खात्री झाली आणि एक प्रकारचा आनंदही झाला. (दुसऱ्याचं कोड चुकलेलं सापडलं की होतो तसा.) पण मग तिसऱ्या जनुकाकडे आलो आणि तिथे मात्र थांबलो.

टीसीएफ७एल२. डायबेटिसशी याचं नातं २००६ मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवलं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या कामात हे जनुक खोडा घालतं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या आणि हैदराबादच्या संशोधकांनी भारतीय लोकांतही तेच दाखवलं. म्हणजे हे आपल्याकडचंही दुखणं आहे. बाबांचं 'घराण्यात आहे' ते बहुधा थोडंफार हेच.

आता अमेरिकेतली एक मोठी चाचणी ऐका. ३२३४ माणसं, सगळी माझ्यासारखी काठावरची. तीन गट. एका गटाला सांगितलं, खाणं कमी करून वजन सात टक्के उतरवा आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चाला. दुसऱ्याला मेटफॉर्मिन. तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. जवळजवळ तीन वर्षांनी, २००२ मध्ये, निकाल आला: गोळीने डायबेटिस होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आणि खाण्या-चालण्याने ५८ टक्क्यांनी. हे बऱ्याच जणांना माहीत असेल. मला माहीत नव्हतं ते पुढचं. २००६ मध्ये त्याच माणसांचं टीसीएफ७एल२ तपासलं. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत दोन्ही प्रती वाईट असलेल्यांना डायबेटिस होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ८० टक्क्यांनी जास्त निघाला. आणि खाणं सुधारून चालणाऱ्या गटात? तो फरक पंधरा टक्क्यांवर आला, म्हणजे योगायोग आहे की खरा हेही सांगता येऊ नये इतका.

हे मी तीनदा वाचलं. एका अभ्यासावर उड्या मारू नयेत हे मला कळतं. पण 'घराण्यात आहे, काय करणार' या वाक्यात जे गृहीत धरलंय त्याच्या बरोबर उलट हे आहे. ज्यांच्या वाट्याला वाईट पत्ते आले त्यांनाच ताटातल्या बदलाचा फायदा सगळ्यात जास्त दिसला. घराण्यात नसलेल्याने गुलाबजाम खाल्ला तर चालून जाईल एक वेळ. आपल्याकडे ती चैन नाही.

आणि हे फक्त गोऱ्यांचं नाही. चेन्नईला डॉ. रामचंद्रन यांनी काठावरच्या ५३१ माणसांवर अशीच चाचणी केली, निकाल २००६ चा. तीन वर्षांत काहीच न केलेल्या शंभरातल्या ५५ जणांना डायबेटिस झाला. पंचावन्न! खाणं बदलून चालणाऱ्यांत ३९ जणांना. म्हणजे आपल्याकडे घसरगुंडी जास्त उभी आहे. पण ब्रेक लागतो.

बरं, जनुक बघून उपचार बदलणं हे सगळंच थोतांड आहे का? मुळीच नाही. शरीरात लेप्टिन हे संप्रेरक बनवणारं जनुकच बिघडलेली काही मुलं असतात. त्यांची भूक भागतच नाही. अशी नऊ वर्षांची, ९४ किलोंची एक मुलगी होती. तिला रोज लेप्टिनचं इंजेक्शन दिल्यावर वर्षात सोळा किलोंहून जास्त वजन उतरलं, हे १९९९ मध्ये छापून आलं. त्या पोरीला 'कमी खा' म्हणून ओरडणं म्हणजे निव्वळ क्रौर्य. तसंच, एकाच जनुकातल्या बिघाडाने होणारे मोडी नावाचे डायबेटिस असतात. त्यातल्या एका प्रकारात साखर जन्मापासून जराशी वर असते आणि गरोदरपण सोडलं तर सहसा काहीच औषध लागत नाही. तरुण, सडपातळ, घरात तीन पिढ्या साखर, असं कुणी असेल तर डॉक्टरांना हे विचारायला हवं. पण ती तपासणी डॉक्टर सांगतात, कँटीनच्या नोटीस बोर्डावर तिचं कुपन लागत नाही.

आता माझ्या न दिसणाऱ्या ढेरीकडे येतो. आमच्या रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. दोघेही कागदावर फिट. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! बारीक दिसणारा मराठी माणूस आत तूप साठवून बसलेला असतो, हे इतक्या मिस्किलपणे कुणी सांगितलं नसेल. म्हणूनच आपल्याकडे जास्त वजनाची रेघ २५ ऐवजी २३ ला ओढतात. माझा पावणेचोवीस आहे. हं.

आणि याज्ञिकांचं पुढचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर बायकांपासून अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडातली साडेतीन किलोंची. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. याचं खापर नुसतं जनुकांवर फोडता येत नाही, आईच्या पोटात काय पोषण मिळालं तेही त्यात आलं. म्हणजे 'घराणं' हा शब्द आपण समजतो त्यापेक्षा मोठा आहे. त्यात आजीची उपासमार आहे, आणि आईने मला दिलेली चपातीची गोल चौथी घडीही आहे. अमेरिकेतल्या आणि मेक्सिकोतल्या पिमा लोकांची जनुकं खूपशी सारखी, पण २००६ च्या अभ्यासात अमेरिकेतल्यांत ३८ टक्क्यांना डायबेटिस आणि डोंगरात शेती करणाऱ्या मेक्सिकोतल्यांत ७ टक्क्यांनाही नाही. बाबा, ही पण एकाच घराण्याची दोन अंगणं.

तर मी काय केलं? फार काही नाही. पोहे आणि वर चहा-बिस्किट या नाश्त्याच्या जागी मूग किंवा अंडी. रात्रीचा भात अर्धी वाटी, उसळ दोन वाट्या. भारतीयांच्या खाण्यात ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात असं आयसीएमआरच्या मोठ्या पाहणीतून २०२५ मध्ये आलंय, त्यामुळे कुठे कात्री लावायची ते कळायला थुंकीची गरज नव्हती. जेवणानंतर सोसायटीला पंधरा मिनिटं चकरा. पहिले दहा दिवस दुपारी चार वाजता डोकं फिरायचं, टीममधल्या ज्युनियर्सची माफी मागतो. आता वजन ६५.

पीडीएफ बाबांना दाखवली. चष्मा लावून चाळीसही पानं वाचली (रिटायर्ड ऑडिटर, काय करणार) आणि लाल दिव्यावर बोट ठेवून म्हणाले, "म्हणजे बघ, मी म्हणत होतोच." मी त्यांना दोन गटांचे आकडे कागदावर लिहून दिले, ८० आणि १५. काही बोलले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला.

परवा रात्री चकरा मारायला निघालो तर दारात बूट घालून उभे होते. तीन चकरा झाल्या, एकही शब्द नाही. लिफ्टपाशी म्हणाले, "शनिवारी तू रक्त द्यायला जाणार ना? माझंही देऊन टाकू. वर्ष झालं." या टेस्टला उपाशी जावं लागत नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलंय. तरी आज सकाळी साडेसहापासून चहा न घेता तयार होऊन बसलेत, आणि मी इथे हे टाइप करतोय म्हणून आतून हाका मारतायत. पळतो.