हलीमाचं नाव काय वाईट होतं?

गेल्या आठवड्यात नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. पोरीचं नाव हलीमा. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरायच्या आत ते बदलून अलिना करायचं होतं, कारण दहावीच्या सर्टिफिकेटवर जे छापलं जातं ते जन्मभर मागे लागतं. "मॅडम, ये नाम दादी-नानी के जमाने का है. क्लास में लडक्या हसते उसको." मी विचारलं, "भाभी, अलिनाचा अर्थ काय?" म्हणाली, मोबाइलवर बघितलं, जन्नतचं रेशीम.

मी अनेक वर्षं उर्दू शिकवते, कामापुरती अरबीही वाचते. जन्नतच्या रेशमाला अलिना म्हणतात हे मला एकाही कोशात सापडलेलं नाही. हलीमाचा अर्थ मात्र पहिल्याच कोशात सापडतो: सहनशील, शांत स्वभावाची. आणि हलीमा सादिया कोण, हे मदरशातलं पाच वर्षांचं पोरगं सांगेल. आपल्या पैगंबरांना (स.) लहानपणी दूध पाजून वाढवणारी दाई. त्या नावाला आपण जुनाट म्हणतो, आणि मोबाइलवरच्या रेशमाला इस्लामी!

अजून एक फॅशन आहे. कुरआन उघडायचं आणि कानाला गोड लागेल तो शब्द उचलायचा. म्हणून आज वर्गात 'अलैना' भेटते. अलैना म्हणजे 'आमच्यावर'. अहो, मराठीत कुणी मुलीचं नाव 'आमच्यावर' ठेवेल का? आणि हेच लोक खदिजा, रुकय्या, हाजरा ही नावं ऐकून नाक मुरडतात. हज-उमऱ्याला जाणारा प्रत्येक माणूस सफा-मरवामध्ये सात फेऱ्या मारतो तो हाजराच्याच पावलावर पाऊल ठेवून. तिथे रडून यायचं आणि घरी नातीचं नाव आयरा ठेवायचं.

आता दुसऱ्या बाजूचे. हे दाढी कुरवाळत सांगतात की गुलाबबी, चाँदबी, मैनाबी ही नावं 'आपली' नाहीत, अरबी नाव ठेवा. का बाबा? पैगंबरांनी (स.) ज्यांची नावं बदलली, त्या नावांच्या अर्थात खोट होती म्हणून. 'आसिया' म्हणजे आज्ञा मोडणारी अशा अर्थाचं नाव होतं, ते 'जमीला' केलं. फिरऔनच्या बायकोचं आसिया वेगळं, त्याचं स्पेलिंगच वेगळं. नाव अरबी नाही म्हणून बदला, असं कुठे आहे? चाँद हा शब्द अरबी नव्हे, इथल्या मातीतला. तरी १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात अहमदनगरचा किल्ला लढवणारी चाँदबीबी त्याच नावानं इतिहासात राहिली. (नगरबाहेरच्या टेकडीवर ज्याला आपण चाँदबीबी महाल म्हणतो ती खरं तर सलाबतखानाची कबर आहे, पण लोकांच्या तोंडात नाव तिचंच बसलं.) आमच्या आज्यांची नावं तिच्यासारखीच होती. पुढे इथल्या बोलीतला शब्द, मागे आदराचा 'बी'. तो 'बी' आता रेशनकार्डावरून आणि हजेरीतूनही गळून चाललाय, आणि तो आपणच काढतोय.

टोपणनावांचं बोलायलाच हवं, कारण मुली हसतात त्या हलीमाला नव्हे, 'हल्लाबोल'ला. वर्गातल्या पोरांनी तिचं ते करून ठेवलंय. सूरह हुजुरातमध्ये साफ सांगितलंय की एकमेकांना वाईट नावांनी चिडवू नका. तेव्हा बदलायचं असेल तर चिडवणाऱ्यांना बदला, मुलीचं नाव का? पण टोपणनाव म्हटलं की सगळं वाईटच, असंही नाही. खुद्द पैगंबर (स.) बीबी आयशांना लाडानं 'आइश' म्हणत, हे बुखारीत आहे. आमच्या गल्लीत फातिमाची फत्तू झाली, खैरुन्निसाची खैरू, जैनबची जैनू. शेजारच्या पाटलांच्या म्हाताऱ्या आजीला मेहरुन्निसा म्हणता येईना, तिनं 'मेहरू' केलं आणि शेवटपर्यंत "मेहरू, चहा घेऊन जा गं" म्हणत राहिली. नाव असं मोडलं तरी माणूस मोडत नाही.

माझं नाव जुलेखा. नानी 'जुल्लू' म्हणायची. बीएडच्या वर्षी आमच्या एका सरांनी पहिल्याच दिवशी हजेरी घेताना जाहीर केलं, "हे फार अवघड आहे, आपण जुली म्हणू." सगळा वर्ग हसला, मीही हसले. सरांना ज्ञानेश्वरीतले शब्द तोंडपाठ होते, तीन अक्षरांचं जुलेखा अवघड! वर्षभर मी जुली राहिले. पाठ घ्यायला गेलेल्या शाळेतल्या मुलांनाही मी जुली टीचरच सांगितलं. जुल्लू आणि जुली यांत एकाच अक्षराचा फरक दिसेल तुम्हाला. नानीला माझं पूर्ण नाव येत होतं आणि ती ते लाडानं लहान करायची. सरांना ते शिकायचंच नव्हतं. १९५६ च्या 'सीआयडी' सिनेमाच्या वेळी वहिदा रहमानला नाव बदल म्हणून सांगितलं गेलं, ती तेव्हा विशीचीही नव्हती, तरी तिनं नाही म्हटलं. मी बावीस वर्षांची असून माझ्या तोंडून नाही निघालं नाही. म्हणून हलीमाच्या आईला उपदेश करताना माझा आवाज जरा जास्तच चढला असणार.

कारण मग ती खरं बोलली. रेशीमबिशीम बाजूला राहिलं. मोठ्या मुलीला शहरात नोकरीसाठी खोली बघत होते. फोनवर सगळं ठरायचं, डिपॉझिटही, आणि नाव विचारलं की "घरच्यांशी बोलून सांगतो". तीनदा झालं. तिचं नाव सकीना. "अलिना बोले तो किसी को समझता नै, मॅडम."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. खोली न देणाऱ्याला मी नावाचा अर्थ समजावून सांगू? एवढंच म्हणाले की नाव अलिना झालं तरी आडनाव शेखच राहणार, आधारकार्ड मागितलं की पुन्हा तेच. मग पुढे काय, आडनाव बदलायचं? नंतर बापाचं नाव? घर नाकारणाऱ्याची लाज आपण आपल्या पोरीच्या नावावर का काढायची? आणि हे फक्त मुलींच्याच बाबतीत का होतं, हेही विचारलं. हलीमाच्या भावाचं नाव अब्दुल रहीम आहे. ते बदलायचं घरात कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारलं, "अर्ज कब तक देना पडता?" मी तारीख सांगितली. हेही सांगितलं की अर्जावर सही करायच्या आधी हलीमाला एकदा विचारा, तिला अजून कुणी विचारलेलं नाही. आणि हल्लाबोल म्हणणाऱ्या चौघांना मी दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर घेऊन बोलले. त्यातले दोघे आमच्याच मोहल्ल्यातले निघाले.

अर्ज अजून आलेला नाही. सोमवारी येते म्हणालीये.