गळ्यातली शहारग

शहारग हा शब्द आपल्या घरांत सर्वांच्या तोंडी आहे. ती नेमकी कुठे, असे विचारले तर मात्र बरेच जण गळ्याच्या मधोमध बोट ठेवतात. कुर्बानीचे जनावर हलाल होताना जवळून पाहिलेल्यांना ठाऊक असते, की श्वासनळी व अन्ननळीच्या दोन्ही बाजूंना रक्तवाहिन्या असतात. त्यांपैकी मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीला डॉक्टर 'कॅरोटिड' म्हणतात. अरबीत तिचे नाव 'सुबाती'. सुबात म्हणजे झोप. ती दाबली की माणूस शुद्ध हरपतो, म्हणून हे नाव. ग्रीक नावाचा अर्थही जवळपास तोच.

कंठमण्याच्या बाजूला दोन बोटे हलकेच ठेवा, ठोका लागेल. दोन्ही बाजू एकदम कधीही दाबू नका. कंठमण्याच्या वरच्या कडेशी या रोहिणीला दोन फाटे फुटतात; एक चेहऱ्याकडे, दुसरा मेंदू व डोळ्याकडे जातो. रक्तदाब ओळखणारी जागा तिथेच, आणि चरबीचा थर साचण्याची जागाही तीच. बीपी, साखर, तंबाखू हे तो थर वाढवतात. त्यातला कण किंवा गुठळी सुटून मेंदूत अडकली की लकवा. (सलूनमध्ये मान कडकन मोडून घेण्याची हौसही आवरावी. त्याने रोहिणीचे अस्तर फाटू शकते.)

आमच्या कळंब भागात याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. मग जंगली कबुतराचे रक्त चोळण्यात दिवस जातो. याहून फसवे म्हणजे तोंड वाकडे होणे, हातातला पेला गळणे, एका डोळ्यापुढे अंधार येणे आणि दहा मिनिटांत सारे ठीक होणे. घरचे शुक्र मानून विसरतात. खरा झटका पुढच्या दोन-चार दिवसांतही येऊ शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठून मानेची डॉपलर सोनोग्राफी करून घ्यावी. रोहिणी सत्तर टक्क्यांहून अधिक अरुंद झाली असेल तर शस्त्रक्रियेने ती साफ करता येते.

झटका आलाच तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, तेही सीटी स्कॅननंतरच देता येते. कळंबहून लातूर किंवा धाराशिव गाठायलाच तासाच्या वर जातो. म्हणून १०८ ला लगेच फोन करा, रुग्णाला पाणीसुद्धा पाजू नका, आणि तो शेवटचा धडधाकट किती वाजता दिसला, ते कागदावर लिहून सोबत न्या. डॉक्टर पहिला प्रश्न हाच विचारतील.