फायबर म्हणजे कपडे वाळत घालायची दोरी नव्हे!

न्यूमरिकल अ‍ॅपर्चरचं सूत्र आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी आपण धडाधड सांगू. ओरलला हमखास येतं ना! पण एलसी कनेक्टर हातात देऊन कोणी म्हणालं, ‘हा साफ कर,’ तर? बहुतेक जण तो शर्टाच्या टोकाला पुसून मोकळे होतील. माझं स्पष्ट मत आहे की फायबर हाताळणं हे हाताचं काम आहे, आणि ते आपल्याला कोणी शिकवतच नाही.

सर्व्हर रूममध्ये सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत गेलेल्या त्या नारिंगी किंवा फिकट निळसर केबल्स बघा. आतल्या काचेचा गाभा जेमतेम ५० मायक्रॉनचा, पिवळ्या सिंगल मोड केबलमध्ये तर ९ च्या आसपास. तिथे बोट लागलं की बोटाचं तेल बसतं. धुळीचा कण दोन कनेक्टरांच्या मध्ये चिरडला गेला तर काचेवर कायमचा ओरखडा. पाकिटातून काढलेली नवी केबलसुद्धा पुसूनच लावायची, कारण टोपणाच्या आतही धूळ असते. आणि केबलचं टोक पुसलं तसं समोरचं पोर्टही पुसायला हवं, हे तर कोणाच्या गावीही नसतं.

गंमत अशी की स्टोरेजला बहुधा दोन वाटा दिलेल्या असतात. एक खराब झाली तरी काम चालू राहतं, थोडं रडतखडत. मग आपण म्हणतो, ‘सर्व्हर स्लो आहे!’ दुसरी वाट नेमकी सबमिशनच्या आठवड्यात बसली, की सगळ्यांचे प्रोजेक्ट अडकले.

डोळ्यांचं मात्र गमतीवारी नेऊ नका. ‘उजेड येतोय का बघू’ म्हणून टोकात डोकावणारे महाभाग मी पाहिलेत. स्टोरेजच्या मल्टिमोड केबलमधला ८५० नॅनोमीटरचा प्रकाश आपल्याला जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही. साधी मॉड्यूल्स बहुधा क्लास १ मधली, म्हणजे नेहमीच्या वापरात सुरक्षित, हे खरं. पण हातातली केबल पलीकडे कशाला जोडली आहे ते तुम्हाला कुठे ठाऊक असतं? त्यात वर भिंग लावून पाहिलं तर धोका आणखी वाढतो. आधी पलीकडचं टोक बंद करा, आणि उजेड मोजायचा तर पॉवर मीटरने मोजा.

स्प्लायसिंग करताना उडणारे काचेचे तुकडे तर डोळ्याला दिसतही नाहीत, पण बोटात किंवा पोटात जाऊ शकतात. म्हणून चष्मा लावायचा, तुकडे झाकणाच्या डबीत टाकायचे आणि वडापाव बाहेर खायचा!

गेल्या वेळी कंत्राटदाराची माणसं केबल टाकायला आली होती. कनेक्टरला धरून ओढत होती, आणि नायलॉनचे टाय पकडीने आवळत होती. त्यांना तरी कोणी शिकवलंय? ३ मिलिमीटरच्या केबलचं वळण निदान ३ सेंटीमीटर त्रिज्येचं हवं, ओढताना तर त्याच्या दुप्पट. बांधायला वेल्क्रोची पट्टी पुरते.

तर सरांना विनंती, टीईला यावर एक प्रॅक्टिकल ठेवा. लॅबच्या कपाटावर जुन्या केबल्सचा गठ्ठा धूळ खात पडलाय, सुरुवात त्याच्यावर करू. एक क्लिनर आणि एक मीटर तेवढं मागवा, बाकीचं आमचे लॅब असिस्टंट काका आम्हाला शिकवायला एका पायावर तयार आहेत.