दिसते मराठी, नोंदले जाते काय?

सीमाभागातील मराठी माणसाचा हात निवेदने लिहून लिहून झिजला आहे. १९५६ साली बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात ढकलला गेला, तेव्हापासून हा उद्योग चालू आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने गाऱ्हाणे मांडण्यासाठी राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि हा हक्क आपण बजावीत आलो आहोत. पण ते निवेदन आता बोरूने लिहिले जात नाही. संगणकावर लिहिले जाते. त्या यंत्रात आपली मराठी कोणत्या रूपाने शिरते, याचा विचार मात्र आमच्या सभांतून कधी झाल्याचे आम्हांस आठवत नाही.

यंत्रास अक्षराचे वळण कळत नाही, त्यास केवळ आकडा कळतो. प्रत्येक अक्षरास एक ठरीव आकडा, ही युनिकोडची व्यवस्था. १९९१ साली तिची पहिली आवृत्ती निघाली, आणि तीत देवनागरीस स्वतःची जागा मिळाली. तत्पूर्वीचे बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या आकड्यांवर मराठी आकृत्या चढवीत असत. कागदावर उमटे ते शुद्ध मराठी, परंतु यंत्राच्या दफ्तरी नोंद राही रोमन अक्षरांची. छपाईपुरते हे सोंग चालून गेले. खेदाची गोष्ट ही की, डीटीपीच्या कित्येक दुकानांतून ते अद्यापि चालू आहे. असे निवेदन ईमेलने कचेरीत गेले आणि तेथे तो फाँट नसला, म्हणजे कारकुनापुढे रोमन अक्षरांचा निरर्थक ढिगारा उभा राहतो. मराठी निवेदन बाजूस सारण्यास निमित्त शोधणाऱ्यास ते आपण आपल्या हातांनी पुरवावे, यास काय म्हणावे?

हाच रोग अंकांनाही जडतो. शाळेतला मुलगा दहाचा सहावा घात लिहिताना १० काढतो आणि ६ नुसता वर उचलतो. तो मजकूर साध्या चौकटीत उतरवला की उचललेला सहा खाली बसतो, आणि दहा लाखांचे एकशे सहा होतात! कारण वर उचलणे ही केवळ सजावट होती; यंत्राने नोंदले होते १०६. रोमन अंकमालेत वर्गाचा ² आणि घनाचा ³ ही स्वतंत्र चिन्हे आहेत. विंडोजवर ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडील अंकपट्टीवर ०१७८ किंवा ०१७९ दाबले की ती उमटतात, ०१७६ ने अंशाचे चिन्ह येते, आणि ती कोठेही नेली तरी ढळत नाहीत. देवनागरी अंकांस मात्र गणितासाठी असे स्थान नाही. सामवेदाच्या स्वरांकनासाठी अक्षरांच्या माथ्यावर बसणारे देवनागरी अंक २००९ साली युनिकोडमध्ये आले. घातांकाचा २ अजून आलेला नाही. म्हणून मोजणीच्या अर्जात सरळ 'चौरस मीटर' असे अक्षरांनी लिहावे. आमच्या शेतकऱ्याचा एकर-गुंठा बरा; त्यास घातांकाची गरजच लागत नाही.

आता खास मराठीच्या अक्षरांकडे वळू. 'आचार्यांना' म्हणजे गुरुजनांना, आणि 'आचाऱ्यांना' म्हणजे स्वयंपाक्यांना. रफार देणारा 'र' वेगळा आणि अर्धचंद्रासारखा 'ऱ्' वेगळा, हा भेद मराठीने जपला आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह 'जे' दाबावा, मग हलन्तासाठी 'डी', मग 'य'. तीन कळांचे काम; पण कंटाळा केला की दऱ्यांचा दर्या होतो. 'दुःख' शब्दात विसर्गाऐवजी अपूर्णविराम ठोकण्याची खोड तर घरोघरी आहे. डोळ्यांस ते खपते, यंत्र मात्र शब्दाचे दोन तुकडे झाले असे समजते. आणि 'ॲ'? हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. तरीही कोणी 'अ'वर चंद्र चढवितो, कोणी हिंदी पद्धतीचा 'ऍ' घालतो. आमच्या वकील मंडळींच्या नावामागील 'ॲड.' अशा तीन तऱ्हांनी लिहिला जातो. एका तऱ्हेने शोध घेतला तर उरलेल्या दोन तऱ्हांची नावे हाती लागतीलच याचा भरवसा नाही.

कोणी म्हणेल, प्रश्न मुलखाचा आहे, कळफलकाचे काय घेऊन बसलात! महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, तो कागदोपत्री पुराव्याच्या बळावर लढावयाचा आहे. ग्रामपंचायतींचे मराठी ठराव, शाळांचे दाखले, जुनी पत्रे यांचे ढीग संगणकात उतरविले आणि त्यांत गावाचे नाव शोधता आले नाही, तर ते असून नसल्यासारखे. सरकारने २०१४ साली या शहराचे नाव 'बेळगावी' केले म्हणून आपण रस्त्यावर उतरलो. आणि रोमन कळांनी मराठी लिहिणारा आमचाच कार्यकर्ता मोठ्या 'एल'चे कष्ट नकोत म्हणून 'बेलगाव' लिहितो. परक्याने नाव बदलले तर तो अन्याय, आणि आपण ळ गाळला तर ती घाई काय?

आमचे भांडण कन्नड भाषेशी कधीच नव्हते, सक्तीशी आहे. इन्स्क्रिप्ट हा कळफलक १९८६ साली केंद्र सरकारने भारतीय लिप्यांसाठी ठरविला, आणि त्यात मराठी 'क' व कन्नड 'क' एकाच कळीवर बसविले आहेत. ज्या मुलास शाळेत किंवा नोकरीपायी या कळफलकावर कन्नड टंकलेखन शिकावे लागले, त्याची बोटे त्याच सवयीने मराठी लिहू शकतात. त्याने यंत्रात फक्त भाषा बदलावी. फी नाही, क्लास नाही, परवानगी तर नाहीच नाही.

तेव्हा गावोगावच्या शाखांस आमची सूचना आहे की, येत्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाची निवेदने युनिकोडमध्येच तयार करावीत, आणि पाठविण्यापूर्वी ती दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहावीत. जुन्या फाँटमधील मजकूर असेल तर तो रूपांतरित करून घ्यावा, मात्र नंतर एकेक ओळ डोळ्यांखालून घालावी. जोडाक्षरे हटकून तेथेच निसटतात. आमच्याकडे येणारा मजकूरही पुढील महिन्यापासून आम्ही युनिकोडमध्येच घेऊ. हाताने लिहिलेली पत्रे अर्थातच पूर्ववत स्वीकारली जातील. ती आमच्या कचेरीत बसवून घेण्याची व्यवस्था केली आहे.