आवाज कुणाचा?

सर्व्हिसिंगला दिली तेव्हा गाडीची काही तक्रार नव्हती. परत आली ती मात्र इंजिनात टकटक घेऊनच. गिरगावापासून दादर-परळपर्यंत मोटार बाळगणाऱ्या मध्यमवर्गीयांच्या बोलण्यात ही तक्रार नित्य येते. टॅक्सीचालकाच्या दृष्टीने तर हा पोटाचा प्रश्न असतो. अशी गाडी रस्त्यावर आणावी तर इंजिन जाण्याची भीती, न आणावी तर दिवसाची कमाई बुडते. यानंतरचा संवादही ठरलेलाच असतो. मालक म्हणतो, "काल आवाज नव्हता, आज आहे; तेव्हा बिघाड तुम्हीच केलात." गॅरेजवाला म्हणतो, "आवाज आधीपासूनच असणार. तुमचे लक्ष आज गेले." दोघांच्याही बोलण्यात आत्मविश्वास भरपूर असतो आणि पुरावा मुळीच नसतो. बॉनेट उघडण्यापूर्वीच निकाल लागलेला असतो. यांपैकी खरे कोण हा प्रश्न दुय्यम आहे. खरे कोण हे ठरवण्याची सर्वमान्य रीतच रूढ झालेली नाही, ही त्याहून गंभीर गोष्ट होय.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडावी, अशी मराठीत म्हण आहे. शास्त्रकारांनी यालाच काकतालीय न्याय म्हटले. एका घटनेमागून दुसरी घडली एवढ्यावरून पहिली ही दुसरीचे कारण ठरत नाही. सर्व्हिसिंगच्या दुसऱ्या दिवशी पाण्याच्या पंपाचे बेअरिंग वाजू लागले, तर तो दोष कालच्या मेकॅनिकच्या माथी मारता येत नाही. ते बेअरिंग कित्येक महिने झिजतच आलेले असते. पण या म्हणीचा आडोसा गॅरेजवाल्यानेही घेता कामा नये. सर्व्हिसिंग म्हणजे कावळ्याचे फांदीवर टेकणे नव्हे. त्या दिवशी माणसाच्या हातांनी इंजिनाचे काही भाग उघडलेले, बदललेले आणि पुन्हा बसवलेले असतात. म्हणून शोधाची सुरुवात त्या भागांपासून झाली पाहिजे, आरोपापासून नव्हे. तर्कशास्त्राचा विद्यार्थी ज्याला अन्वय-व्यतिरेक म्हणतो, तीच ही पद्धत. संशयित कारण असेल तेव्हा आवाज असतो काय, आणि ते दूर करताच आवाज जातो काय, हे पाहावयाचे. दोन्ही उत्तरे होकारार्थी आली तरच दोष सिद्ध झाला असे म्हणता येईल.

नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये हात लागतो तो मोजक्याच ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणच्या चुकीचा आवाज बहुधा वेगळा असतो. पुष्कळ ऑईल फिल्टरांत रबराची एक झडप असते. इंजिन बंद असताना ऑईल खाली उतरून जाऊ नये हे तिचे काम. निकृष्ट फिल्टर बसवला तर रात्रभरात ते ओघळून जाते आणि सकाळी पहिले काही क्षण इंजिन खडखडते. ऑईलचा दाब तयार होताच ते शांत होते. ऑईल फार कमी भरले तर वरच्या भागांना ते पुरत नाही आणि टकटक सुरू होते. प्रमाणाबाहेर भरले तर फिरता क्रँक ते घुसळतो, त्याला फेस येतो आणि फेसाळलेले ऑईल वंगणाचे काम नीट करीत नाही. प्लग सैल राहिला तर फुसफुस, हवेची नळी निसटली तर शीळ, पट्टा सैल राहिला तर किंचाळी. ऑईल बदलताना इंजिनाखालचे झाकण काढले आणि पुन्हा लावताना एखादा स्क्रू राहून गेला, तर ठरावीक वेगाला असा खडखडाट होतो की, इंजिन फुटल्याचा मालकाला भास व्हावा. दुरुस्तीचा खर्च मात्र एका स्क्रूचा असतो.

तेव्हा 'आवाज येतो' एवढे सांगून भागत नाही. तो थंड इंजिनात येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चालताना, क्लच दाबल्यावर बदलतो काय, या प्रश्नांची उत्तरे हवीत. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरतो. त्यामुळे झडपांची टकटक इंजिनाच्या गतीच्या मानाने संथ असते, हे जाणत्या कानाला कळते. या परीक्षेत शहराचे रस्तेही उपयोगी पडतात. गिरगावातील एखाद्या अरुंद गल्लीतून काचा खाली करून गाडी हळू नेली, तर दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आवाज परत येतो. मरीन ड्राइव्हवर तोच वाऱ्यात हरवतो. लालबागच्या उड्डाणपुलाच्या चढावर इंजिनावर भार पडतो. सपाटीवर न येणारी आणि चढावरच येणारी किणकिण चुकीच्या प्लगकडे किंवा ज्वलनाच्या चुकलेल्या वेळेकडे बोट दाखवते.

परळच्या के. ई. एम. रुग्णालयात गेलेल्या रोग्यालाही डॉक्टर प्रथम असेच प्रश्न विचारतात: केव्हापासून, कशाने वाढते, काल कोणते औषध घेतले? पॅरिसच्या लेनेकने १८१६ साली शोधलेली छातीची नळी कानाला लागते ती त्यानंतर. मेकॅनिकजवळही तशी नळी असते. नसली तर लांब स्क्रू-ड्रायव्हर इंजिनाला टेकवून त्याची मूठ तो कानाशी धरतो. आवाजाचा उगम बोटभर जागेत आणून ठेवण्याची ही विद्या आहे.

मात्र चौकशीला वेळ देण्यापूर्वी एक गोष्ट पाहिलीच पाहिजे. ऑईलच्या दाबाचा लाल दिवा लागला असेल, किंवा इंजिनाच्या तळातून जड ठोके येत असतील, तर इंजिन आहे तेथेच बंद करावयास हवे. गॅरेज दोन गल्ल्यांवर आहे म्हणून गाडी चालवत नेणे म्हणजे क्षुल्लक चुकीचे रूपांतर इंजिनाच्या नाशात करणे होय. शिवाय मूळ चूक कोणती होती याचा पुरावाही त्यात नष्ट होतो.

मुंबईला ही विद्या नवी नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडली. १९७४ साली तिचे नाव पद्मिनी झाले आणि काळ्या-पिवळ्या रंगात ती या शहराची ओळख बनली. टॅक्सीसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा शेवटच्या पद्मिनीनेही ओलांडल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. तिच्या १०८९ सीसीच्या, चार सिलिंडरांच्या इंजिनात टॅपेटची फट पातळ पोलादी पट्टीने मोजून हाताने ठेवावी लागे. फट मोठी राहिली तर टकटक ऐकू येई. फट फार लहान राहिली तर इंजिन सुरेख शांत चाले. पण तापल्यावर झडप पुरती मिटत नसे आणि अखेर जळून जाई. म्हणजे सर्व्हिसिंगनंतर किंचित वाढलेली टकटक ही कधी काम नीट झाल्याची खूण असे, आणि अचानक आलेली शांतता ही बिघाडाची. आवाज नाही म्हणजे दोष नाही, हे समीकरण त्या साध्या इंजिनानेच खोटे ठरवले होते.

म्हणून त्या काळच्या मिस्त्रीच्या कानाचे नुसते गोडवे गाणेही योग्य नव्हे. तो कान एका माणसाचा होता. त्याचे निदान कागदावर उतरत नसे, ते चुकले तर पडताळण्याची सोय नसे, आणि तो गेला की त्याची विद्याही त्याच्याबरोबर जाई. आजच्या अनेक गाड्यांत टॅपेटची फट ऑईलच्या दाबाने आपोआप जुळते, आणि बिघाडाचे संकेतांक संगणकी यंत्र वाचून दाखवते. या यंत्राचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. निकामी झालेला सेन्सर ते क्षणात दाखवते, जे कोणत्याही कानाला साधले नसते. परंतु सुटलेल्या स्क्रूला संकेतांक नसतो. पडद्यावर दोष उमटला नाही म्हणून 'गाडी ठीक आहे' असे सांगणारा तरुण मेकॅनिक लबाड असतोच असे नाही. यंत्र वाचणे त्याला शिकवलेले असते. ऐकण्यासाठी मात्र वेळ दिलेला नसतो.

वादाचे मूळ येथे आहे. गॅरेजच्या बिलात सुट्या भागांची किंमत असते, ते बसवण्याची मजुरी असते. दोष शोधण्याची मजुरी क्वचितच असते. ग्राहकही ती देण्यास नाखूष असतो. अर्धा तास इंजिन ऐकून मेकॅनिकने एक स्क्रू आवळला आणि पैसे मागितले, तर 'केलेत काय?' असा प्रश्न येतो. त्यानेच एखादा भाग बदलून मोठे बिल केले तर ते मुकाट्याने भरले जाते. डॉक्टरने तपासून 'औषधाची गरज नाही' असे सांगितले तरी त्याची फी कोणी बुडवीत नाही. ज्या कामाला मोल नाही ते काम होत नाही, हा व्यवहाराचा नियम आहे. मग निदानाऐवजी अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याची प्रथा पडते, आणि प्रत्येक चुकलेल्या अंदाजाचे पैसे अखेर ग्राहकच भरतो. तेव्हा निदानाचा दर गॅरेजने उघडपणे फलकावर लावावा आणि ग्राहकाने तो द्यावा. दोष सर्व्हिसिंगमधलाच निघाला तर मात्र तो आकारू नये; न्याय त्यातच आहे.

मोलाइतकेच महत्त्व नोंदीला आहे. हिशेबात फरक पडला की कारकून प्रथम शेवटच्या नोंदी तपासतो. त्या नोंदीच नसतील तर सारी वही चाळावी लागते. गॅरेजचे जॉब कार्ड ही अशीच वही होय. त्यावर 'जनरल सर्व्हिस' एवढे दोन शब्द लिहून काहीच कळत नाही. कोणत्या प्रतीचे ऑईल किती लिटर भरले, कोणता फिल्टर बसवला, कोणते भाग उघडले आणि काम कोणी केले, हे त्यावर आले पाहिजे. काढलेले जुने भाग परत दिले पाहिजेत. गाडी घेताना आणि देताना मालकासमवेत पाच मिनिटे इंजिन ऐकले, तर बहुतेक वाद जन्मासच येणार नाहीत.

जबाबदारी मालकाचीही आहे. आवाज येताच किलोमीटरचा आकडा आणि वेळ लिहून ठेवावी, मोबाइलवर आवाज मुद्रित करावा, आणि पहिल्या गॅरेजने पाहण्यापूर्वी गाडी दुसऱ्याकडून उघडू नये. दुसऱ्याचा हात लागला की कारणाचा माग तुटतो. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतील त्रुटीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला. त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यानेही तो राखला असून तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत ठेवली आहे. १९७५ साली मुंबईत सुरू झालेल्या ग्राहक पंचायतीने या हक्कांची जाणीव मध्यमवर्गात रुजवली. परंतु ग्राहक आयोगापुढे 'काल आवाज नव्हता' एवढ्याने भागत नाही. तेथे कागद लागतो. तो कागद गाडी देतानाच तयार व्हावयास हवा.

दुरुस्तीनंतर दोष दिसला की दुरुस्त करणाऱ्याला चोर ठरवावयाचे, किंवा तक्रार करणाऱ्याला संशयी म्हणून वाटेला लावावयाचे, या वृत्ती केवळ गॅरेजात आढळतात असे नाही. शाळेत आणि कचेरीतही त्या दिसतात. दोहोंच्या मुळाशी शोध घेण्याचा कंटाळा आहे. इंजिन आपली तक्रार सांगतच असते. ती ऐकण्यास वेळ, लिहून ठेवण्यास कागद आणि ऐकणाऱ्यास योग्य मोबदला, एवढे मिळाले तर आवाज कशाचा हे बहुतेक वेळा ठरवता येते. मग आवाज कुणाचा, यावर भांडण्याचे कारणच उरत नाही.