तुपाविना सण?

गेल्या दिवाळीत नणंदेची मुलगी चार दिवस राहायला आली. पहिल्याच सकाळी फराळाचं ताट पुढे केलं, तर म्हणते कशी, "मामी, मी दूध-तूप सोडलंय. चिवडा तेवढा घेते." बेसनाचे लाडू तुपातले, शंकरपाळ्यांत दूध, करंज्यांना तुपाचं मोहन. खरं सांगते मैत्रिणींनो, मला रागच आला. सणासुदीला हे कसलं नवं खूळ?

तिच्या या आहाराला 'व्हीगन' म्हणतात. मांस, अंडी, दूध, तूप, मध, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच खायचं नाही. हा शब्द इंग्लंडमध्ये १९४४ साली तयार झाला. पण त्याच्या कितीतरी आधीपासून जगात अनेक घरांतून दूध-तुपाशिवाय व्रताची आणि सणाची पानं वाढली जात आहेत.

इथिओपियाचंच बघा. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन ईस्टरआधी ५५ दिवस मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य करतात. शिवाय वर्षभरातले बहुतेक बुधवार-शुक्रवार असतातच. 'तेफ' नावाच्या बारीक धान्याचं पीठ आंबवून 'इंजेरा' हा मोठा, जाळीदार घावन करतात. त्यावर मसुराचं कालवण, पालेभाजी आणि 'शिरो' वाढतात. शिरो म्हणजे हरभऱ्याच्या पिठाचं झणझणीत कालवण, थेट आपल्या पिठल्याची बहीण! ईस्टरला कोंबडीचा रस्सा होतो. पण तोवर हे उपासाचं ताट हॉटेलातही मागितलं की मिळतं.

ग्रीसमध्ये ईस्टरच्या व्रताची सुरुवात 'स्वच्छ सोमवार'ने होते. त्या दिवशी सुट्टी असते. लोक माळावर जाऊन पतंग उडवतात आणि तीळ लावलेला चपटा पाव, ऑलिव्ह आणि तिळाचा हलवा खातात. पतंग आणि तीळ! वाचताना मला आपली संक्रांतच आठवली. कोळंबीसारखे जिन्नस त्यांना चालतात. ते वगळले, तर बाकीचं पान माझ्या भाचीलाही चाललं असतं.

युक्रेनमध्ये नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थ रांधायची रीत आहे. त्यांत मासे असतात, पण मांस आणि दूध नाही. मानाचा पदार्थ 'कुत्या', म्हणजे शिजवलेले गहू, वाटलेली खसखस आणि मध. मधाऐवजी गूळ घातला, की झाली आपल्या गव्हाच्या खिरीची जवळची नातेवाईक.

या साऱ्याजणींकडून मी एक गोष्ट शिकले. एकासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं, असा दुहेरी स्वयंपाक त्या करत नाहीत. घरात सगळ्यांना एकच पान असतं. त्यामुळे जेवणाऱ्याला अवघडल्यासारखं होत नाही आणि रांधणारीचं कामही दुप्पट होत नाही. नाहीतर आपल्याकडे एकादशीला बाई स्वतःसाठी भगर टाकते आणि घरच्यांसाठी वरण-भात-पोळीही करते!

आणि आपल्याकडे तरी काय कमी आहे? ऋषिपंचमीची भाजी आठवा. बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून हातानं पिकवलेल्या भाज्यांची ती भाजी. जनावराचा विचार करून जेवणं आपल्या आजीलाही ठाऊक होतं. तिळगूळ आहे, उकडीचे मोदक आहेत, कोकणातले नारळाच्या रसातले शिरवाळे आहेत. मोदकावरची तुपाची धार ज्याला हवी त्यानं घ्यावी.

भाऊबीजेला मी शिरवाळेच केले, सगळ्यांसाठी. भाची दोनदा मागून जेवली आणि सासूबाई म्हणाल्या, "कितीतरी वर्षांनी खाल्ले गं!" तिला मात्र बजावलं, की दूध कायमचं सोडलंस तर ब-१२ जीवनसत्त्वाचं डॉक्टरांना विचारून घे.

तुपाचा एक चमचा जास्त वाढणं म्हणजे माया, हे आपल्या अंगवळणी पडलंय. पण पानावर बसलेलीला काय चालतं, हे आधी विचारणं हीसुद्धा मायाच. यंदा हळदीकुंकवाला मसाला दुधाच्या शेजारी थोडं नारळाचं सारही ठेवून बघा. एखादी न बोलता नुसताच पेला खाली ठेवणारी मैत्रीण त्या दिवशी पोटभर पिऊन जाईल.