भीतीचा हप्ता

मागच्या महिन्यात मीटिंगमध्ये म्यूटवर बसलो असताना फोन आला. "सर, आपल्या गाडीची एक्स्टेंडेड वॉरंटी चौदा तारखेला संपतेय. त्याआधी रिन्यू केली तर छत्तीस हजार आठशे, नंतर आधी इन्स्पेक्शन लागेल." मुलगी गोड बोलत होती. तिच्या मागे आणखी पाच-सात जणी हेच वाक्य वेगवेगळ्या सरांना ऐकवत होत्या. मी म्हटलं, नाही करणार. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, गिअरबॉक्स गेला तर दोन लाख पंचेचाळीस हजार लागतात."

सहा वर्षांपूर्वी याच शोरूममध्ये, याच गिअरबॉक्सचं इतकं कौतुक ऐकलं होतं की तो लोखंडाचा आहे की संतांच्या कुळातला, असा प्रश्न पडावा. आता त्याच खुर्चीतून सांगितलं जातंय की तो जाऊ शकतो, कधीही जाऊ शकतो, आणि तुमच्या वार्षिक बोनसपेक्षा महाग आहे. माल विकताना भरवसा विकायचा आणि मुदत संपत आली की भीती विकायची. याला मुंबई-पुण्यात एक जुना शब्द आहे: हप्ता.

गाडीचं नाव सांगत नाही. चार दारांची आहे, टर्बो आहे, त्यामुळे खऱ्या स्पोर्ट्स कारवाले तिला स्पोर्ट्स कार म्हणणार नाहीत. माझ्यासाठी ती आहे. मी तळेगावचा. एक्स्प्रेसवे पूर्ण सुरू झाला २००२ला, तेव्हा मी बालवाडीत होतो. पुढे सायकल चालवायला लागल्यावर आम्ही पोरं रविवारी सकाळी उर्से टोलनाक्याच्या अलीकडे पुलावर जाऊन उभे राहायचो. मुंबईहून लाल, पिवळ्या, बुटक्या गाड्या यायच्या. दिसायच्या आधी ऐकू यायच्या. त्या लोणावळ्याला नाश्ता करून परत जाणाऱ्यांच्या होत्या हे फार नंतर कळलं. इडली-वड्यासाठी कुणी एवढी गाडी काढतं यावर तेव्हा विश्वास बसला नसता. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कर्ज काढून ही गाडी घेतली ती त्या पुलामुळे. त्यामुळे वॉरंटी न घेणारा मी बेफिकीर आहे, असं कुणी म्हणू नये. माझा जीव आहे त्या गाडीत. म्हणूनच तर राग आहे.

आधी हिशेब. रिन्यूअलचे छत्तीस हजार आठशे ही किंमत कागदावरची. खरी किंमत दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात असते: वर्षभर सगळी सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करायची, वेळेत करायची, नाहीतर दावा बाद. माझ्या गाडीची मागची वार्षिक सर्व्हिस अधिकृत केंद्रात एकवीस हजार चारशेला झाली. तेच ऑइल, तेच फिल्टर, त्याच नंबरचे पार्ट घेऊन कामशेतजवळचे आमचे फिटर मामा नऊ हजार दोनशेत करतात. फरक बारा हजार दोनशे. म्हणजे वॉरंटीची खरी किंमत एकोणपन्नास हजार. आता ज्याची भीती घातली गेली तो सगळ्यात महागडा बिघाड दोन लाख पंचेचाळीस हजारांचा. भागाकार करा. बरोबर पाच.

याचा अर्थ असा की, पुढच्या एका वर्षात माझ्यासारख्या पाच गाड्यांपैकी किमान एकीचा गिअरबॉक्स पूर्ण जाणार असेल, तरच हा सौदा बरोबरीत सुटतो. छोटे बिघाड धरा, गणित थोडं हलेल. पण मग त्यातून वगळलेल्या वस्तूंची यादीही धरा, ते परत जागेवर येईल. पाचात एक गिअरबॉक्स सातव्या वर्षी जात असेल, तर प्रश्न वॉरंटी घ्यावी का हा उरत नाही. असा गिअरबॉक्स बनवला कुणी, आणि त्याचं बिल मी का भरायचं, हा उरतो.

हे हवेतलं बोलणं नाही. चीनमध्ये फोक्सवॅगनच्या सात गिअरच्या डीएसजी गिअरबॉक्सबद्दल तक्रारींचा पाऊस पडला, तेव्हा २०१२मध्ये कंपनीने तिथे त्याची वॉरंटी दहा वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. मार्च २०१३मध्ये सरकारी टीव्हीच्या ग्राहक दिनाच्या कार्यक्रमात हा विषय निघाला आणि काही दिवसांत तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर गाड्या रिकॉल झाल्या. त्या वाढीव वॉरंटीचे पैसे चिनी गिऱ्हाइकाने भरले नाहीत. कंपनीने भरले, कारण दोष कंपनीचा होता. तीच गोष्ट रिन्यूअलच्या नावाने गिऱ्हाइकाला विकली की तिला मनःशांती म्हणतात.

दुसरं उदाहरण तर आमच्या मावळातूनच जातं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत ह्युंदाईच्या गाड्या म्हणजे विनोदाचा विषय होत्या. कंपनीने काय केलं? इंजिन आणि गिअरबॉक्सवर दहा वर्षं, एक लाख मैलांची वॉरंटी गाडीच्या किमतीतच घालून टाकली. आता बिघाडाचा खर्च कंपनीच्या खिशातून जाणार, म्हणून गाड्या सुधारणं भाग पडलं, आणि त्या सुधारल्या. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७०मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावरच्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात हमीचं काम हेच सांगितलं होतं: जोखीम विकणाऱ्याकडे राहते. आपल्याकडे जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे येते, वर तिची पावतीही घेणाऱ्याच्या नावाने फाटते.

ह्युंदाई मावळात कशी आली तेही ऐका. तळेगावचा प्लँट मुळात जनरल मोटर्सचा. २००८ला सुरू झाला. २०१७च्या अखेरीस शेवरलेची भारतातली विक्री थांबली. सर्व्हिस आणि वॉरंटी पाळू असं कंपनीने जाहीर केलं, पण शोरूम उठल्यावर गाडीच्या रिसेलचं काय होतं ते आमच्या गल्लीतल्या प्रत्येक शेवरलेवाल्याला विचारा. निर्यातीसाठी उत्पादन २०२०च्या डिसेंबरपर्यंत चाललं, मग तेही बंद. हजाराहून जास्त कायम कामगार नोकरीसाठी कोर्टकचेऱ्या करत राहिले. २०२४ला प्लँट ह्युंदाईच्या ताब्यात गेला. पाच-सात वर्षांचं वचन लिहून देणारी कंपनी पाच-सात वर्षं इथे असेल, हे आम्ही तळेगावकर तरी गृहीत धरत नाही.

आता लोणावळ्याकडे या. ही गाडी मी नक्की कुठे चालवतो? एक्स्प्रेसवेवर सपाटीला शंभरची मर्यादा, घाटात त्याहून कमी, वर आता कॅमेरे. उरलं काय, तर पवनानगरचा रस्ता, दुधिवरे खिंड, आणि पावसाळ्यात भुशी धरणाच्या वाटेवरचं तीन-तीन तासांचं ट्रॅफिक. लोणावळ्यात वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. इथे गाड्या कशाने मरतात ते कुठल्याही टोइंगवाल्याला माहीत आहे. रस्त्यावरच्या पाण्यात घातलेली गाडी हवेच्या नळीतून पाणी पिते, सिलिंडरमध्ये पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. वॉरंटीत नाही, बाहेरचं कारण. चढावर इंच-इंच सरकताना कोरड्या क्लचच्या प्लेटा अर्धवट टेकून घासत राहतात, तापतात. वॉरंटीत नाही, झीज. रंग न दिलेल्या स्पीडब्रेकरवर बुड आपटतं. वॉरंटीत नाही, अपघात. बुश, ब्रेक पॅड, रबरी नळ्या, बॅटरी. नाही, नाही, नाही, नाही.

माझं काय झालं सांगतो. मागच्या जुलैत खंडाळ्याच्या चढावर टेम्परेचरचा दिवा लागला. गाडी बाजूला घेतली, बॉनेटखालून वाफ. तेव्हा वॉरंटी चालू होती, एकतीस हजार पाचशे मोजलेले होते. केंद्रात (नाव लिहीत नाही, सगळी सारखीच) दोन दिवसांनी कळलं की कूलंटची रबरी नळी फाटली, ती झीज. नळी फाटल्यामुळे गॅसकेट गेलं, तो परिणाम. झीज झालेल्या वस्तूमुळे झालेला परिणामही बाद. बिल अठ्ठावन्न हजार. सल्लागार सज्जन माणूस होता. हळू आवाजात म्हणाला, "सर, खरं सांगू का, क्लेम पास होणं आमच्या हातात नसतं." मग मी एकतीस हजार कुणाच्या हातात दिले होते?

ज्यांच्या गाड्या खरोखरच्या बुटक्या आणि लाल आहेत, त्यांचीही सुटका नाही. ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा होत आली आहे. स्पोर्ट्स कार जे करण्यासाठी जन्मते ते कायदेशीरपणे करायची आमच्या भागातली ही जवळपास एकमेव जागा, आणि स्पर्धेतला वापर वॉरंटीतून हमखास वगळलेला. पोर्शेच्या गाड्यांत तर इंजिन मर्यादेपेक्षा जास्त कितीदा आणि किती फिरलं याची नोंद कंट्रोल युनिटमध्ये टप्प्याटप्प्याने राहते, आणि वॉरंटी वाढवण्याआधी १११ मुद्द्यांची तपासणी होते. सॉफ्टवेअरवाला म्हणून मला लॉग ठेवण्याचं वावडं नाही, आमचं पोट त्यावर आहे. पण आमच्या धंद्यात सर्व्हर पडला तर लॉग दोन्ही बाजूंना दिसतो. इथे साक्षीदार माझ्या गाडीत राहतो, माझं पेट्रोल पितो आणि साक्ष देतो फक्त समोरच्या वकिलाला.

आता त्या बारा हजार दोनशेंकडे परत येतो, कारण खरी खोट तिथे आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४मध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून दोन हजार पाचशे चव्वेचाळीस कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, हा मुख्य आक्षेप. बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, चुकीच्या दुरुस्तीमुळे बिघाड झाला असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारा, असाही आदेश त्यात होता. अपिलं झाली, २०१६मध्ये अपीलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांबाबत मूळ निष्कर्ष कायम ठेवला, दंड मोजण्याची पद्धत बदलली. आदेशाला दहा वर्षं उलटली. माझ्या रिन्यूअलच्या कागदावर तेच वाक्य आहे: अधिकृत केंद्राबाहेर सर्व्हिस केल्यास वॉरंटी रद्द.

फिटर मामांनी प्रीमियर पद्मिनीपासून सुरुवात केली. कॉमन रेल डिझेल आलं तेव्हा स्वतःच्या पैशाने स्कॅनर घेतला. टर्बोची शिट्टी ऐकून तो किती दिवस चालेल हे ते सांगतात, आणि चुकले तर चहा पाजतात. पण गाडी त्यांच्याकडे येते ती वॉरंटी संपल्यावर. आधी तीन वर्षांनी यायची, मग पाच, आता सात. तोवर नवीन गाडीत हात घालायची संधी नाही, म्हणून शिकणं नाही, म्हणून "बाहेरच्यांना जमत नाही" हे खरं होत जातं. त्यांचा मुलगा आता चाकणला एका कंपनीत कंत्राटी आहे. गॅरेजमध्ये बसत नाही. मी छत्तीस हजारांचा चेक फाडतो तेव्हा कामशेतच्या त्या शटरचाही एक खिळा काढतो.

माझा एक मित्र वाकडला राहतो, त्याने रिन्यू केली होती आणि सातव्या महिन्यात त्याचा गिअरबॉक्स फुकट बदलून मिळाला. तो ग्रुपवर दर आठवड्याला ते सांगतो. मला आनंद आहे. पण मटका लागलेल्याला विचारून कुणी संसार करत नाही. हां, दोन माणसांनी मात्र माझं ऐकू नये. वर्षभरात गाडी विकायचीच आहे आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते, त्याला रिसेलमध्ये बहुतेक पैसे परत मिळतील. आणि ज्याच्याकडे अडीच लाख एकदम निघणं शक्यच नाही, पर्सनल लोनशिवाय मार्ग नाही, त्याने हप्ता भरावा. मीही पहिली तीन वर्षं तोच होतो. गरजेपोटी भरलेला हप्ता आणि शहाणपणा म्हणून मिरवलेला हप्ता यांत फरक करता आला म्हणजे झालं. ग्रुपवर मिरवणारेच जास्त आहेत.

मी चार हजारांचं आरडी सुरू केलंय. वर्षाचे अठ्ठेचाळीस हजार, जवळपास तेवढेच. गाडी बिघडली नाही तर पैसे माझेच राहतात. ही सोय त्या छापील कागदात कुठल्याच पानावर नाही. पावसाआधी मामांनी सगळ्या रबरी नळ्या बदलल्या आणि पाण्याचा पंप हाताने फिरवून बघितला. "अजून वर्ष जाईल," म्हणाले, "पण भुशीला नेऊ नको रविवारी."

परवा पुन्हा फोन आला. तीच मुलगी, आता चौतीस हजार. मी म्हटलं, ताई, एक करा, काय-काय मिळणार नाही त्याची पूर्ण यादी मला व्हॉट्सॲपवर पाठवा, वाचतो आणि सांगतो. "शुअर सर," म्हणाली. दहा मिनिटांनी एक फोटो आला. घाटातला वळणावळणाचा रस्ता, ढग, एक लाल गाडी, आणि खाली लिहिलेलं: निश्चिंत राहा.

यादीची अजून वाट बघतोय.